उन्हाशिवाय ऊन

"आंटी, तुम्ही स्वतः कधी झोपलात का ह्या मशीनमध्ये?"

मुक्तानं विचारून टाकलं. पैज होती. बाहेरच्या सोफ्यावर तिच्या मैत्रिणी अफ्रीन आणि अंजू एकमेकींना चिमटे काढत बसल्या होत्या. विचारलं नाहीस तर तू घाबरट, असं ठरलं होतं. शाळेच्या बास्केटबॉल संघात निवड झाल्यापासून मुक्ता कशालाच घाबरत नव्हती. निदान तिचं तसं म्हणणं होतं.

कुवेतमधल्या मंगफच्या त्या सलूनमध्ये हफिजाआंटी सकाळी नऊपासून उभी होती. रत्नागिरीकडची, पन्नाशीची. मशीनची काच पुसता पुसता तिनं एका पायाचा भार दुसऱ्यावर टाकला आणि उत्तर द्यायचेही कष्ट व्हावेत तशी म्हणाली, "मी? नाय गो. माला काय कराचाय?"

मुक्ताला मात्र करायचं होतं. डॉक्टरांनी तिचं ड जीवनसत्त्व फारच कमी सांगितलं होतं. पाय दुखायचे, दुसऱ्या हाफमध्ये धाप लागायची, आणि स्पर्धा पुढच्या महिन्यात. आठवड्याला एक गोळी आणि थोडं ऊन घ्या, म्हणाले होते. गोळी घशात अडकते म्हणून ही घेईना, आणि उन्हाचं नाव काढलं की आई म्हणे, "काळी पडशील, मग बस रडत." घरातून गाडीत, गाडीतून शाळेत, परत गाडीत. सोळा वर्षांत तिच्या अंगाला कुवेतचं ऊन लागलं असेल ते पार्किंगपुरतं. मग ह्या सलूनची जाहिरात आली: उन्हाशिवाय ऊन, दिव्यांच्या मशीनमध्ये झोपा आणि ड जीवनसत्त्व मिळवा. आईला ते एकदम पटलं. "दिव्याखाली कुणी काळं होतं का?" म्हणत तिनं संमतीच्या कागदावर सही ठोकली.

"मग बटण दाबल्यावर तुम्ही बाहेर का जाता?" मुक्तानं विचारलं. "आधीच्या बाईच्या वेळी बघितलं मी."

"मॅडमनी सांगितलाय. दार लावायचा नि भायेर थांबायचा. दोन वर्सां झाली, का ते मी पन विचारला नाय." हफिजानं फडकं खांद्यावर टाकलं. "तुला इंग्लिश येतं ना? तो बघ स्टिकर, निम्मा रेटकार्डाखाली गेलाय. वाच जरा. माला आजपर्यंत कुनी वाचून दाखवला नाय."

मुक्तानं कार्डाचा कोपरा उचलला. इंग्रजी ती भराभर वाचायची. मराठीत सांगताना मात्र शब्द शोधावे लागत. "अठरा वर्षांखालच्या... माणसांनी वापरू नये."

"तू किती?"

"सोळा."

"फुडं?"

"ह्यानं त्वचेचा..." ती थांबली. पुढच्या शब्दाला मराठी शोधावंच लागलं नाही. "कॅन्सर होऊ शकतो. वय कमी, तर धोका जास्त."

"आणि ता तुझा जीवनसत्त्व?"

मुक्तानं खालपर्यंत बोट फिरवलं. "त्याचं काहीच नाहीये."

हफिजा स्टुलावर बसली. त्या दिवसात पहिल्यांदाच बसली असावी. "परवाच एक आली होती," ती म्हणाली, "तुज्याएवडीच. गॉगल मीच लावला तिला, ह्या हातांनी."



हफिजानं उठून रेटकार्ड सोलून काढलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "गोंद सुटला म्हनून सांगेन. तू जा. तुला चक्कर आली, असा सांगते मॅडमला."

बाहेर अफ्रीननं हात धरला. "विचारलंस? काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"बस, एवढंच?"

"एवढंच. चला, घरी चला."

घरी बाबा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतून नुकतेच आले होते. कपाळावर हेल्मेटचा वळ, हात बाहीपर्यंत करपलेले नि वर गोरे, पुढ्यात निवत चाललेला चहा. आई भाजी चिरता चिरता तिला न्याहाळत म्हणाली, "काही फरक दिसत नाही ग. किती वेळा जावं लागतं?"

मुक्तानं बॅगेतून तो सही केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"मम्मा, बाबा, ऐका. मी त्या मशीनमध्ये झोपले नाही, आणि झोपणार पण नाही. ती गोळी आजपासून घेणार, घशात अडकली तरी. आणि शुक्रवारी सकाळी बाबांबरोबर समुद्रावर चालायला जाणार, अर्धा तास, खऱ्या उन्हात. काळी झाले तर होईन."