दर वेळी नव्याने

…बशीतल्या जेलीवर एक स्वल्पविराम सरकत होता — पोटातलं अन्नसुद्धा दिसावं इतका पारदर्शक. यंत्राच्या दांडीने बशीच्या कडेला टक केलं, आणि कृमी दचकून मागे सरला. साधा कृमी पहिल्या टकीला असा दचकतो, पाचव्याला जरासा, विसाव्याला आपल्या चालीने पुढे जात राहतो. यात धोका नाही हे त्याला कळलेलं असतं. मोजून तीनशे दोन चेतापेशी, आणि एवढी समज! पण बशीजवळ बसलेल्या संशोधिकेने जोपासलेल्या वाणाची गोष्ट वेगळी. एका जनुकात बिघाड, आणि विसाव्या टकीलाही तो पहिल्यासारखाच दचकतो — न कंटाळता, जग आत्ताच सुरू झाल्यासारखा.

ताई तशीच, तिच्या मनात आलं. लहानपणी आमच्या भिंतीला लागून पत्रे ठोकणाऱ्याचं दुकान होतं. हातोडा पडला की ताई दचकायची. ‘अगं, रोजचंच आहे ते,’ मी पुस्तकातून मान वर न करता म्हणायचे.

‘तुझं असेल रोजचं. मला आत्ता ऐकू आलं.’

आई म्हणायची, हिच्या कानाला पडदा नाहीच, दार आहे, तेही सताड उघडं.

आता ताई अतिदक्षता विभागात नर्स आहे. तिथली यंत्रं दिवसभर केकाटतात. बाकीच्यांना ती ऐकू येईनाशी झालीत. ‘बसा हो सिस्टर, वायर निघाली असेल,’ म्हणून हसतात. ताई उठते. दर वेळी. आणि बहुतेक वेळा वायरच निघालेली असते… बहुतेक वेळा.

या बशीतल्या कृमींमध्ये संशोधिकेने ते जनुक धडधाकट करून परत घातलं होतं. यांचं दचकणं विरत गेलं, तर जनुक तेच. नाही तर इतकी वर्षं भलत्याच जनुकामागे गेली. टक — मागे. टक — थोडं कमी. मग नुसतं थबकणं… मग तेही नाही.

“दचकायचा थांबला!” पडद्याकडे बघणारा सहकारी ओरडला. “मॅडम, सुधारला की तुमचा बावळट! पार्टी कधी?”

“अरे, बाकीचे तरी बघू दे आधी,” ती हसली.

बाकीचेही दचकायचे थांबले. जनुक तेच होतं. पडद्यावरची रेघ कशी सुरेख उतरत गेली होती. तिला आनंद झाला, खराच झाला. पण ‘सुधारला’ हा शब्द कुठेतरी बोचत राहिला. कृमी पुढे चालला होता — शहाणा, निवांत, अगदी माझ्यासारखा, तिला वाटलं. तिने यंत्र बंद केलं, आणि कुठल्याही मोजणीत न धरायची एक टिचकी बोटानेच बशीला मारली — वाकून, त्याने दचकावं म्हणून.