एकमताने मंजूर

"नाव कटलं म्हणजे कटलं बाई, मी काय करू?" गिरिधर कारकुनानं खिडकीतून कार्ड परत सरकवलं.

रुखमाबाई उईकेनं ते उचललं नाही. सावनेरपलीकडच्या गोंडटोल्यावरची, गोंडांच्या वस्तीतली ती बाई. नागपुरात भाचीकडं राहून सात महिने तिनं क्षयाची एक सुई चुकवली नव्हती. आदिवासी रोग्यांना या दवाखान्यात सुई फुकट मिळे, वर पेलाभर दूध. मग गावाकडं दीर वारला आणि ती गेली. तीन आठवड्यांनी परतली, तर हे.

कौसल्याबाई मडावी बादली घेऊन तिथूनच चालली होती. बायांच्या वॉर्डात एकोणीस वर्षं आया. रुखमाबाई तिच्याच टोल्यावरची.

"काहून कटलं?"

"तीन आठवडे गैरहजर. समितीचा ठराव आहे." गिरिधरनं आवाज खाली आणला. "अन् खाली तुमचीच सही आहे, कौसल्याबाई."

ते चौऱ्याहत्तर साल. समितीवर एक आदिवासी सभासद हवा, असं सरकारचं पत्र आलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी व्हरांड्यात नजर टाकली, कौसल्याबाई दिसली. सही येत होती. पहिल्याच सभेत तिला दाराजवळचं स्टूल मिळालं आणि आधी सगळ्यांना चहा द्यायचं काम.

चौथा विषय वाचला गेला. लागोपाठ तीन आठवडे न येणाऱ्याचा लाभ बंद. कौसल्याबाईला टोला आठवला. तिथं घरात मयत झाली की दिवसपाणी उरकेपर्यंत घरचं माणूस शीव ओलांडत नाही, आणि सोयरे जमायला महिनाही लागतो.

"सगळ्यांना मान्य?" डॉक्टरांनी विचारलं.

कौसल्याबाईनं हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली आणि गप्प बसली. तिच्या बापाच्या पंचात हरकत अशीच घेत. वडीलधाऱ्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, चूप बसायचं. मग सभा थांबते, तंबाखू चोळली जाते, कोणीतरी नाव घेऊन विचारतं, तुझ्या मनात काय आहे गा? कधी दोन दोन दिवस जातात. ती विचारण्याची वाट पाहत राहिली. डॉक्टर "मंजूर" म्हणाले आणि पान उलटलं. सही तिनं हजेरीची समजून केली. मुक्याची हाक देवाला आधी पोचते, असं कीर्तनात बुवा सांगतात. सभेच्या वहीला तसे कान कुठले?

"मी हो नव्हतं म्हटलं," ती गिरिधरला म्हणाली.

"नाही तरी कुठं म्हटलं?"

"चूप होतो ना मी."

"तेच तर. चूप म्हणजे मान्य. दिल्लीपासून असंच चालते बाई."

ती डॉक्टरांकडं गेली. माणूस वाईट नव्हता. "मला वाटतं द्यावी सुई. पण ठराव बदलायला सभा लागते. ती आता आखाडात."

"तवर?"

डॉक्टर समोरचे कागद चाळू लागले.

रुखमाबाई भिंतीला टेकून बसली होती. "तू होती वं त्या सभेत?"

"होतो."

"मंग काय म्हटलं?"

"काहीच नाही. चूप बसलो."

रुखमाबाईचा चेहरा सैल झाला. "मंग काहून भेतं? थांबले असतीन ते. मी बसतो इथंच."

बादली उचलून कौसल्याबाई वॉर्डात गेली.

रुखमाबाई चार दिवस तशी येऊन बसली. पाचव्या दिवशी खोकताना रक्त पडलं. भाचीनं तिला गावी नेलं. मिरगाच्या पेरण्या चालू असताना निरोप आला, गेली म्हणून.

आखाडातल्या सभेत पहिला विषय मागच्या सभेची वहीतली नोंद कायम करण्याचा.

"कायम?" डॉक्टरांनी विचारलं.

कौसल्याबाई उभी राहिली. "नाही. चार नंबरले माझं मत नव्हतं. एकमतानं लिहिलं ते खोडा."

"तेव्हा तुम्ही बोलला नाहीत."

"आता बोलून राहिलो."

ठराव पुन्हा मताला टाकला. एका रोग्याला सूट दिली की शिस्त राहणार नाही, असं एक सभासद म्हणाले. ठरावाच्या बाजूनं पाच हात वर झाले. गिरिधरनं लिहिलं, विरोध एक. कौसल्याबाईनं अक्षरावर बोट ठेवून ते वाचलं, मग सही केली. पेले गोळा करून धुतले.

बाहेर खिडकीपुढं टोल्यावरच्या तिघी बाया कार्डं धरून रांगेत होत्या. ती त्यांच्यापाशी उकिडवी बसली.

"ऐका वं. घरात मयत झाली तरी सुई सोडू नका. शीव ओलांडून या."

त्यातली म्हातारी तिच्याकडं पाहत राहिली. "असं कसं वं बाई? मेलेला वाट पायते आपली. त्याले काय सांगाव?"

"माझं नाव सांगजा," कौसल्याबाई म्हणाली. "पाप माझ्यावर टाकजा."