सावळघाटातली शववाहिका

वाल्मीक तेवीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात होता, त्यातली शेवटची अकरा तपासणी विभागात. पंपाचा सुटा भाग हातात घेतला की केसभर चूकही त्याच्या बोटांना कळायची. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कंपनीनं ते सगळं काम परराज्यात हलवलं आणि वाल्मीकला शाल, नारळ देऊन घरी पाठवलं.

पुढचे आठ महिने तो सातपूर-सिन्नर पालथं घालत फिरला. मुलाखत घेणारी पोरं त्याला काका म्हणायची, चहा पाजायची आणि नंतर फोन उचलायची नाहीत. दुपारी घरात बसायला नको म्हणून तो द्वारकेच्या चौकात एका टायरवाल्याकडे जाऊन बसे. तिथंच त्याला कळलं की एका धर्मादाय संस्थेला शववाहिकेवर ड्रायव्हर हवा आहे. जड गाडीचा परवाना त्याच्याकडे कंपनीच्या काळापासून होता. दुसरं कुणी आलंच नव्हतं, त्यामुळे त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं.

घरी त्यानं अँब्युलन्स चालवतो म्हणून सांगितलं. हे खोटं तीन आठवडे टिकलं. मग त्याच्या मुलीच्या, हर्षालीच्या, मैत्रिणीचे आजोबा वारले. ती पंचवटीच्या अमरधाम स्मशानात गेली, तर गाडीचं मागचं दार उघडायला समोर बाप उभा. तिनं ओळख दाखवली नाही. वाल्मीकनंही दाखवली नाही. संध्याकाळी घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं.

त्याची बायको सिंधू भांडली नाही. तिनं फक्त त्याचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायला सुरुवात केली, आणि शेजारच्या वत्सलाबाईंकडे हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. निफाडहून त्याच्या आईचा, चिमणाबाईचा निरोप आला, की या वर्षी देवीच्या पूजेला तू नको येऊ, भावकीत लोक बोलतात. वाल्मीक गेला नाही. काम त्यालाही आवडत नव्हतंच. नोकरी आहे, म्हणून तो जायचा. मागं काय आहे ते बघायचं नाही, रस्ता बघायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस, सकाळी अकराच्या सुमाराला, सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर त्याला एक म्हातारी बसलेली दिसली. चतुराबाई तिचं नाव. पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. तिचा तरणाताठा मुलगा बांधकामावर चौथ्या मजल्यावरून पडला होता. ठेकेदार कागदावर अंगठा घेऊन निघून गेला होता. पोस्टमार्टेम झालं होतं, आणि आता मुलाला न्यायचं कसं हे तिला कुणी सांगत नव्हतं.

संस्थेची गाडी शहराच्या हद्दीबाहेर न्यायची नाही, असा नियम होता. वाल्मीकनं ऑफिसला फोन केला. तिकडून नाही म्हणाले. त्यानं फोन खिशात ठेवला, वॉर्डबॉयच्या मदतीनं मुलाला आत घेतलं आणि म्हातारीसाठी पुढचं दार उघडलं.

ती चढली नाही. म्हणाली, "मी मागंच बसते. तो मोटारीत कधी एकटा बसला नाय."

पेठ रस्त्यानं तो निघाला. आरशात आज पहिल्यांदा त्यानं मागं पाहिलं. म्हातारीनं एक हात मुलाच्या छातीवर ठेवला होता आणि गाडी हलली की ती दुसऱ्या हातानं त्याचं डोकं सावरत होती. वाल्मीकनं वेग कमी केला. सावळघाटाच्या वळणांवर तो खड्डा खड्डा बघून, दुसऱ्या गिअरमध्ये, जवळजवळ चालत गेल्यासारखा गेला. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून कान फोडले. दीड तासाच्या वाटेला तीन तास लागले.

पाड्यावर माणसंच नव्हती. धडधाकट होते ते सगळे निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला गेलेले. तीन म्हातारे निघाले. चौथा खांदा वाल्मीकनं दिला. लाकडं रचताना त्यातल्या एकाला धाप लागली, तेव्हा उरलेली लाकडंही त्यानंच वाहिली. चतुराबाई रडली नाही. सगळं उरकल्यावर ती गाडीजवळ आली.

"तू गाडी हळू आणली," ती म्हणाली. "त्याला धक्का लागला नाय."

एवढं बोलून ती वळली आणि झोपडीत गेली. वाल्मीकनं गाडीत बसून स्टिअरिंगवर हात ठेवले. मग त्याला रडू फुटलं. कंपनी सुटली तेव्हाही तो रडला नव्हता.

संस्थेनं त्याला पंधरा दिवस घरी बसवलं. त्याच पंधरवड्यात महेशचा फोन आला. महेश त्याचा जुना साहेब. सिन्नरला नवं युनिट उभं राहत होतं आणि तपासणीला त्याला वाल्मीकसारखाच माणूस हवा होता. सिंधूनं त्या दिवशी कित्येक महिन्यांनी शिरा केला. वाल्मीक सिन्नरला जाऊन आला. महेशनं टेबल दाखवलं, मापाची नवी यंत्रं दाखवली. सुटा भाग हातात घेतल्यावर बोटांना पूर्वीसारखंच सगळं कळलं. पण ते कळून त्याला काहीच वाटलं नाही, आणि या गोष्टीनं तो घाबरला. त्यानं महेशला नकार कळवला.

"आमचं काय?" सिंधूनं विचारलं. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

हर्षालीचं बोलणं त्याहून जड गेलं. "कॉलेजात मी सांगते, तुम्ही टुरिस्ट गाडी चालवता म्हणून," ती एकदा जेवताना ताटाकडे बघत म्हणाली.

"तेच सांगत जा," वाल्मीक म्हणाला.

पंधरा दिवसांनी तो कामावर परतला. पहिलाच फेरा बेवारस प्रेताचा होता. साठीतला माणूस, बसस्टँडच्या बाकावर गेलेला. सोबत फक्त एक हवालदार, त्यालाही दुसरीकडे जायची घाई. रस्ता मोकळा असूनही वाल्मीकनं गाडी हळूच नेली. अमरधामच्या खिडकीवर कारकुनानं रजिस्टर पुढं सरकवलं. मृताच्या नावापुढं अज्ञात लिहिलेलं होतं. आणणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं होतं. वाल्मीकनं नाव लिहिलं. नात्याची जागा त्यानं मोकळी सोडली.

हवालदार निघून गेला. वाल्मीक मात्र लाकडं नीट पेटेपर्यंत तिथंच उभा राहिला.