उकंडरावाच्या दमणीचा राग

मी एक जुनी दमणी आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही मोटारीत बसणारी मुलं, म्हणून आधी सांगते. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलगाडी. माझं सागवान सातपुड्यातलं. संग्रामपूरकडच्या एका सुताराने दोन महिने खपून मला घडवलं. नांदुऱ्यापासून तीन कोस आत असलेल्या एका गावात उकंडराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याने मला दारात आणून उभं केलं, तेव्हा त्याच्या बायकोने, सोजराबाईने, माझ्या जुवाला हळदकुंकू लावलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. सगळंच नवं होतं, आणि मीही नवी होते.

माझं फार कौतुक व्हायचं. शेगावला दर्शनाला जाणाऱ्यांना मी नांदुऱ्याच्या स्टेशनावर सोडायची. गावातल्या नवऱ्या मी सासरी पोहोचवल्या. उकंडराव बसला की मी खड्ड्यातही हिंदकळत नाही, असं लोक म्हणायचे. त्याच्यावर माझा जीव होता, हेही सांगून टाकते. म्हणून तर पुढचं जास्त झोंबलं.

त्याचा मुलगा जानराव आणि सून पंचफुला. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. लोकांनी पंचफुलेला काय काय नावं ठेवली ती मी सांगणार नाही. पण माझ्याशेजारी उभं राहून बोलणारी तोंडं मला आजही आठवतात. आणि तेहतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. तिचे आईबाप राहिले नव्हते, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच व्हायचं होतं.

चौथ्या महिन्यात सरकी आणायचं निमित्त करून जानराव तिला माझ्यातून नांदुऱ्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई तिला दवाखान्याच्या ओट्यापर्यंत सोडायला आल्या. माझ्या दांडीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तेहतिसाव्या वर्षी पहिलं मूल, म्हणून घाबरायचं काही कारण नाही. फक्त मला तुमच्यावर लक्ष ठेवावं लागेल. दर महिन्याला या. तोंडावर सूज आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच क्षणी निघा. उद्यावर टाकू नका."

हे सारं मी ऐकलं होतं. जानरावाने घरी सांगितलं, तेव्हा उकंडरावानेही ऐकलं होतं.

"दर महिन्याले?" तो म्हणाला. "तेहतीस वर्साची पहिलटकरीन दमणीत बसून गावातून मिरवत नेता काय? लोकं हासतीन. काही नाही जाचं."

मित्रांनो, त्यानंतर चार महिने मी बाजाराला गेले, सोयरिकीला गेले, त्याच्या पत्ते खेळणाऱ्या दोस्ताला आणायलाही गेले. पंचफुलेसाठी मात्र मी एकदाही जुंपली गेले नाही. ती अंगण झाडताना माझ्यापाशी थांबायची आणि माझ्या चाकाला टेकून श्वास घ्यायची. तिची जोडवी बोटांत रुतायला लागली होती. मी दारात उभी होते, बैल गोठ्यात उभे होते, आणि रस्ता समोर होता. माझ्या रागाची सुरुवात तिथली आहे.

पोळ्याचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून मळले होते. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या," असं त्यांच्या कानात सांगून झालं होतं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सकाळी शिंगं रंगवून झाली, झुली चढल्या, आणि पंचफुला चुलीपुढे कपाळ धरून खाली बसली. तोंड सुजलेलं. "मामी, मले तुमचं तोंडच दिसून नाही राह्यलं," ती सोजराबाईला म्हणाली.

जानराव धावत अंगणात आला. "बाबा, बैल जुपतो."

"पोळ्याच्या दिवशी? डोकं ठिकानावर हाय का बे तुहं? उद्या नेऊ."

"डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं ना, उद्यावर टाकू नका म्हनून!"

"वरसातून एक दिवस जनावराले सुटी असते. या वयातल्या बाईचं जे व्हाचं ते होईन."

सोजराबाई पुरणपोळीचं ताट घेऊन बैलांकडे निघाली होती. तिने ताट खाली ठेवलं. लग्न झाल्यापासून ती नवऱ्यापुढे एक शब्द बोलली नव्हती, तिचं सगळं बोलणं त्या दिवसासाठी साठून राहिलं असावं. "बैलाले सुटी हाय, मले नाही," ती म्हणाली. पंचफुलेला तिने माझ्यात निजवलं, माझं जू उचललं आणि एका बाजूला स्वतःची मान घातली. दुसऱ्या बाजूला जानराव होता.

नांदुऱ्याचा रस्ता पोळ्याच्या तोरणावरून जात होता. तिथे गावचे सगळे बैल ओळीने उभे, सगळी माणसं जमलेली, वाजंत्री चालू. उकंडरावाच्या बैलांचा पहिला मान होता. त्या बैलांच्या समोरून उकंडरावाची बायको मानेवर जू घेऊन मला ओढत गेली. वाजंत्री थांबली. कोणी हसलं नाही.

मग उकंडराव धावत आला. त्याने बायकोला बाजूला केलं आणि जुवाखाली स्वतः शिरला. त्याची मान माझ्या लाकडाला लागली, तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही. एकदा वाटलं, पुढच्या चिखलात अशी रुतून बसू की हा गुडघ्यावर यावा. पण आत पंचफुला होती. मी रुतले नाही. मी माझं सगळं वजन त्याच्या खांद्यावर टाकलं.

एका कोसावर गावातली माणसं मदतीला आली. जानरावाच्या जागी शेषराव गेला, मग सहदेव गेला. उकंडराव धापा टाकत होता. कोणी त्याच्या बाजूला सरकलं की पंचफुलेचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली सोजराबाई आतून ओरडायची, "त्यायले बदलू नका! त्यायच्या जागी कोनी जाऊ नका!"

आणि कोणी गेलं नाही. पूर्ण तीन कोस.

दुसऱ्या दिवशी पंचफुलेला मुलगी झाली. दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाई ओट्यावर आल्या. उकंडराव माझ्या चाकाला टेकून बसला होता, त्याची बंडी खांद्यावर फाटून आतलं कातडं सोललं होतं. त्या म्हणाल्या, "तिच्या वयाला बोल लावू नका. अशा कितीतरी जणींना मी सुखरूप घरी पाठवलं आहे. त्या वेळेवर आल्या होत्या. तुमच्या दारात दमणी असून ही का आली नाही?"

उकंडरावाने फाटकी बंडी सोललेल्या खांद्यावर ओढून घेतली.

त्याच्या खांद्यावर वण राहिला. आणि तेव्हापासून दर वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, सोजराबाई बैलांचे खांदे मळून झाले की तीच वाटी घेऊन ओसरीवर यायची. सगळ्या घरादेखत त्याच्या वणावर हळद आणि तूप चोळायची आणि कानात म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." तो मुकाट्याने मान खाली घालायचा. नात मोठी झाली तशी वाटी ती धरायला लागली. तो जाईपर्यंत एकही वर्ष चुकलं नाही. सोजराबाईने त्याला माफ केलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी केलेलं नाही.

आता मी गोठ्यामागे पडून आहे. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. मला वंगण द्या, सावलीत ठेवा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. घरातली बाई पोटुशी असेल, तर तिच्या वयाची चर्चा करत दारातलं वाहन उभं ठेवू नका. तिला वेळेवर न्या, पुन्हा पुन्हा न्या.

माझी चाकं गेली, दांडी मोडली. जू मात्र अजून शाबूत आहे.