शेवटचे चार सूर

त्याच्या ओळखपत्रावर ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ असे छापलेले होते आणि त्यातला दुसरा शब्द निव्वळ शोभेचा होता. कपडे धुण्याची यंत्रे बनवणाऱ्या त्या कंपनीत यंत्र कसे असावे हे सुचवणे त्याचे काम. पण ते बनवणाऱ्यांपैकी एकही माणूस त्याच्या अधिकारात नव्हता. कुणाची रजा त्याच्या सहीने मंजूर होत नसे, की कुणाची बढती त्याच्या नाराजीने अडत नसे. आत्याने एकदा कौतुकाने विचारले होते, “हाताखाली किती माणसं रे तुझ्या?”

“हाताखाली नाहीत, आत्या. आजूबाजूला आहेत.”

“तशी तर माझ्याही आहेत,” आत्या म्हणाली, आणि कौतुक तिथेच आटोपले.

धुणे संपले की कंपनीचे यंत्र एक धून वाजवी. ती पाऊण मिनिट चाले. मध्येच थांबवण्याची सोय नव्हती. झाकण उघडा, बटणे दाबा, वेळ संपली तरी माईक न सोडणाऱ्या प्रमुख पाहुण्यासारखी ती आपले म्हणणे पूर्ण करूनच थांबे. तान्ही बाळे दचकून उठतात अशा तक्रारींचा ढीग साचला होता, आणि त्यातली सर्वांत खणखणीत तक्रार त्याच्या घरातच राहत होती. ताई तीन महिन्यांचे बाळ घेऊन माहेरी आली होती.

“तुझ्या त्या यंत्राला सांग,” ती म्हणाली, “कपडे धुतलेस, उपकार झाले. त्याची वरात कशाला काढतोस? मॅनेजर ना तू? हुकूम सोड.”

“हुकूम नाही सोडता येत, ताई. पटवावं लागतं.”

“तुला? पटवायचं?” ताईने बाळाकडे पाहिले. “बाळा, आता तू शाळेत जाईपर्यंत झोप विसर.”

नव्या यंत्राचा प्रोग्राम शुक्रवारी कायम होणार होता. त्यानंतर वर्षभर बाहेर पडणारे प्रत्येक यंत्र हीच धून गात घराघरांत शिरणार होते. म्हणून सोमवारी तो प्रोग्रामरकडे गेला. या गृहस्थाला सगळे ‘हेडफोन’ म्हणत. समोरच्याच्या योग्यतेनुसार तो एक कान उघडा करी किंवा दोन्ही. त्याच्यासाठी अर्धा उघडला.

“दोन ओळींचं काम आहे,” हेडफोन म्हणाला. “कारखान्याचे साहेब हो म्हणू देत.”

कारखान्याच्या साहेबांनी मान न उचलता सांगितले, “माझी हरकत नाही. प्रॉडक्ट मॅनेजरची संमती आणा.”

“तो मीच आहे, साहेब.”

साहेबांनी चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळले. “अच्छा. मग तुमची काही हरकत?”

“नाही.”

“वा. मग आता फक्त काकांना विचारा. धून त्यांची आहे.”

गाडी अडली होती ती इथेच. काका म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचे सर्वांत जुने इंजिनिअर. त्यांनी जन्मभर केलेले काम पत्र्याच्या आत, तारांच्या गुंत्यात बंद होते. ते नीट चालत असल्यामुळेच कुणाला दिसत नव्हते. बाहेर येऊन बोलणारी अशी त्यांची एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही धून. तिला कात्री लावा असे सांगायला कुणाची जीभ रेटत नव्हती. त्याची तर मुळीच नाही. न दिसणाऱ्या कामाचा एकटेपणा त्याला पुरता ओळखीचा होता.

तरीही बुधवारच्या बैठकीत त्याने तक्रारींचा आलेख दाखवला. काकांनी तो शांतपणे पाहिला.

“बाळं उठतात, म्हणजे धून ऐकू जाते. उत्तम. आधीच्या यंत्राची तक्रारच होती की ऐकू जात नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. हेडफोननेही डोलावली, पण ती कानातल्या गाण्याला असावी.

गुरुवारी तो काकांच्या टेबलापाशी गेला. वाटेत घोकलेले मुद्दे, काकांचा तारांच्या जोडांना डाख देणारा स्थिर हात पाहताच, एकेक करून पसार झाले. उरली ती शांतता. ती असह्य होऊन त्याने मनात आले ते विचारले, “काका, ही धून सुचली कशी हो?”

काकांनी डाख देण्याची तापलेली सळई खाली ठेवली. बहुधा हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते. त्यांनी टेबलावरच्या स्पीकरवर धून लावली आणि शेवट जवळ येताच बोट वर केले.

“हे ऐक. हे चार सूर. हे आधी सुचले. बाकीचं सगळं नंतर बांधलं, इथवर यायला रस्ता हवा म्हणून.”

सूर खरोखर सुंदर होते. संध्याकाळी कुणीतरी दार हलकेच लोटावे तसे.

“इथवर कुणी ऐकतच नाही, काका,” तो बोलून गेला. “आमची ताई तर निम्म्यातच यंत्रावर उशी दाबते. आणि तोवर बाळानं सूर लावलेला असतो.”

काकांनी स्पीकर बंद केला. “म्हणजे हे चार सूर तिनं ऐकलेच नाहीत?”

“कधीच नाही.”

“एवढा लांब रस्ता बांधला,” काका स्वतःशीच म्हणाले, “आणि माणसं वाटेतूनच परत जातात.”

शुक्रवारी बैठक सुरू होताच काका उभे राहिले. “धून चार सुरांची होईल. आजच.” हेडफोनने दोन्ही कान उघडे केले.

“प्रॉडक्ट मॅनेजरला विचारलंत?” साहेबांनी विचारले.

“कालच समजावलं त्याला. पोरगा जरा संकोची आहे, पण पटवलं की पटतं.”

त्याने खाली मान घालून, आपल्याला पटल्याचे कबूल केले.

बैठकीनंतर तो आणि काका हेडफोनच्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर धुनीची लांब रेघ होती. तिचे टोक वेगळे काढले गेले. हेडफोनचे बोट बटणावर थबकले.

“बाकीचं पुसतो.”

काका एकाएकी खिडकीबाहेरचे काहीतरी पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते, फक्त भिंत होती.

“पुसू नकोस,” तो म्हणाला. “यंत्रात असू दे. वाजू नये, एवढंच.”

“वाजणार नाही, तर ठेवायचं कशाला?”

बैठकीत मांडता येईल असे एकही कारण त्याच्याजवळ नव्हते. “प्रॉडक्ट मॅनेजर सांगतोय म्हणून.”

हेडफोनने वळून पाहिले. “जागा खाईल ते.”

“खाऊ दे.”