राजलक्ष्मीचं बिनडोळ्यांचं चित्र

राजलक्ष्मीच्या घरात कृष्णांना तोटा नव्हता. लोणी खाणारा, रांगणारा, लोडाला टेकलेला, सगळे गुबगुबीत, सगळे तिनंच रंगवलेले. सोन्याचा वर्ख, खडे आणि तंजावूरचे ते टपोरे डोळे. दुपारी जरा लवंडावं तरी भिंतीवरून पहारा. आयुष्यभर तिनं तो गुमान सोसला. साठी उलटल्यावर मात्र तिला त्या नजरांचा मनापासून वीट आला.

तिची भाची हरिता कॉलेजात चित्रकला शिकवते. ती म्हणाली, "आत्या, एक चित्र असं काढ ज्यात कोणीच नाही. काही ठरवू नको. नुसता रंग फेक."

राजलक्ष्मीनं परसात फळी आडवी टाकली, पदर खोचला आणि निळ्या रंगाचा डबा उपडा केला. पण हाताची खोड जाते थोडीच? ब्रश आपोआप गोल वळला आणि कृष्णाचा गाल उमटू लागला. तिनं त्या गालावर लाल रंगाची सणसणीत चापट हाणली. मग जी सुटली, की झाडू झाला, ओलं फडकं झालं, शेवटी डोशाचं उलथनंही झालं. फळीवर नुसता राडा होता आणि त्यातलं कोणीही तिच्याकडे बघत नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की ती तिथंच फतकल मारून हसत सुटली.

नवरा शेषगिरी कॉफीचा टंब्लर घेऊन आला. "हा कोण की?"

"कोणी नव्हे."

"मग काढलीस काय म्हणून?"

"कोणी नव्हे म्हणूनच."

चित्र फ्रेम करणाऱ्या कल्याणरामकडे गेलं. तंजावुरी चित्रात डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात, त्यालाच डोळे उघडणं म्हणतात. उघडले की देव आला, मग ते पुसायचे नाहीत. कल्याणरामचा सारा जन्म यातच गेलेला. तो स्वतः फ्रेम घेऊन घरी आला.

"अक्का, वय झालं तुमचं. डोळेच उघडायचे विसरलात. मीच उघडले."

राड्याच्या मधोमध दोन टपोरे डोळे. सगळ्या जन्मात एकच चित्र राजलक्ष्मीचं स्वतःचं होतं, आणि तेही आता तिच्याकडे बघत होतं. शेषगिरीनं तर हातसुद्धा जोडले.

कल्याणराम गेल्यावर तिनं पदरानं आपले डोळे टिपले, काच उतरवली आणि ब्रश आणला.

"उघडलेले डोळे पुसू नये गं," शेषगिरी घाबरला.

"पुसतं कोण?" तिनं दोन फटकाऱ्यांत दोन जाड निळ्या पापण्या ओढल्या. "देवळात रोज निजवतात की नाही देवाला? हाही निजला."

चित्र बिछान्यासमोर टांगून ती आडवी झाली.

"आणि हा उठणार केव्हा?" शेषगिरीनं हळूच विचारलं.

"माझी झोप झाल्यावर," म्हणत तिनं कूस बदलली.