मधल्या सुट्टीतलं वैर

मी एक उंच गोल टेबल बोलतोय. मोठ्या परिषदांत चहाच्या सुट्टीत सभागृहाबाहेर मांडतात ना, त्यातलंच. माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गोडगोड ऐकायचं असेल तर आत व्याख्यानाला जाऊन बसा.

एका कारखान्यात प्लायवूडच्या चकतीखाली तीन पायांचा लोखंडी खांब ठोकला आणि मी झालो. ठोकणारा मिस्त्री शेजारच्याला सांगत होता, "याला खुर्ची लागत नाही. उभं राहून पाय दुखले की माणूस आपोआप दुसऱ्या टेबलाकडे सरकतो." म्हणजे माझा जन्मच लोकांच्या गैरसोयीसाठी झाला. पुढे भाड्याने सामान पुरवणाऱ्या एका मालकाने मला घेतलं, अंगावर काळं ताणलेलं कापड चढवलं आणि गावोगावच्या सभागृहांत फिरवलं.

सात वर्षं मी ही माणसं पाहिली. समोरच्याचा चेहरा नंतर, आधी त्याच्या गळ्यातला बिल्ला वाचायचा. कंपनी मोठी असली की दात दिसेपर्यंत हसायचं, लहान असली की ओठांपुरतं. माझ्या वरच्या बाजूला हस्तांदोलन चालू असतं तेव्हा खाली पावलं केव्हाच दुसऱ्या कुणाकडे वळलेली असतात. याला ते नेटवर्किंग म्हणतात.

त्यातल्या एकाच दिवसाची गोष्ट सांगतो. तंत्रज्ञानाची परिषद होती. सकाळच्या चहाला माझ्यापाशी एक तरुण उद्योजक आला. कोट नवा, बूट नवे. सोबत एक वयस्कर साहेब होते, बऱ्याच रुग्णालयांसाठी यंत्रं आणि सॉफ्टवेअर खरेदी करणारे. उद्योजकाने एक सॉफ्टवेअर विकायला आणलं होतं: रुग्णाचा श्वास मंदावला की नर्सच्या टेबलावर इशारा वाजवणारं. काही रुग्णालयांत ते आधीच बसवलंही होतं.

"हे तुम्ही एकट्याने केलंत?" साहेबांनी विचारलं.

"सुरुवातीला ताई होती मदतीला," तो म्हणाला. "पण तिची तब्येत बरी नसते. आता घरीच असते."

ताई त्याच्या पाठीमागेच उभी होती. हातात कप, गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर कंपनीची जागा कोरी. तिची तब्येत ठणठणीत होती, एवढं मला तिच्या कप आपटण्यावरून कळलं.

"अरे, ताई! तू कधी आलीस?" भाऊ दचकला, पण हसू काही उतरलं नाही. "साहेब, ही माझी थोरली बहीण."

"आणि ते सॉफ्टवेअर लिहिणारी," ताईने पुढे जोडलं. तीही हसतच होती. माझ्या कडेवर मात्र तिची नखं रुतली होती.

साहेबांना असली घरगुती हवा सोसवेना. ते घड्याळाकडे बघून निघून गेले. ते नजरेआड होताच भावाचा आवाज बदलला. "इथे तमाशा करू नकोस. वर्षभरापूर्वी सह्या करून तूच कंपनीतून बाहेर पडलीस."

"बाहेर पडले नाही, काढलंस. इशारा किती वाजावा यावरून."

"लोकांना वाजलेलं दिसतं ताई, न वाजलेलं दिसत नाही!" तो म्हणाला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला, पुन्हा दात काढून.

जेवणाच्या सुट्टीत ताई सहा जणांशी बोलायला गेली. मी मोजले. पहिल्याने बिल्ला वाचला आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत "वा, वा" केलं. दुसऱ्याला तेवढ्यात फोन आला, न वाजताच. एका बाईने तर ताईच्या हातात रिकामी प्लेट दिली. तिला ताई वाढपी वाटली. ताई ती प्लेट घेऊन माझ्यापाशी परत आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, निव्वळ संताप होता.

माझ्या पलीकडच्या बाजूला एक नर्सबाई एकट्याच जेवत होत्या. रुग्णालयाने त्यांना 'बघून या' म्हणून पाठवलं होतं. सकाळपासून त्यांच्याशी कुणी चकार शब्द बोललं नव्हतं, कारण त्यांच्याकडून कुणाचं काही होण्यासारखं नव्हतं.

ताईने प्लेट खाली ठेवली. स्वतःबद्दल काही न सांगता तिने सरळ विचारलं, "सिस्टर, तुमच्या वॉर्डात ते श्वासाचं सॉफ्टवेअर आहे का? ते वाजलं की तुम्ही काय करता?"

नर्सबाईंनी घास थांबवला. "खरं सांगू? आवाज बंद करतो. पाळीत शंभरदा वाजतं. पेशंट कुशीवर वळला तरी वाजतं. गेल्या महिन्यात एका आजींचा खराच श्वास अडकला होता. मीच बंद केला हो आवाज, नेहमीसारखा. कसंबसं वाचवलं त्यांना. पण मला अजून झोप लागत नाही."

ताईचा रंग उडाला. "मी लिहिलं होतं तेव्हा धोक्याच्या दोन खुणा एकदम दिसल्याशिवाय ते वाजत नव्हतं," ती पुटपुटली. "भावाने बदललं. विकताना सारखं वाजून दाखवता यावं म्हणून."

पुढची चाळीस मिनिटं त्या दोघी बोलत राहिल्या. कागदाच्या रुमालावर नर्सबाईंनी वॉर्ड काढून दाखवला, खाटा, खिडकी, स्वतःची जागा. माझ्या सात वर्षांत माझ्यापाशी कुणी कुणाला इतके प्रश्न विचारलेले मी ऐकले नव्हते.

संध्याकाळच्या चहाला भाऊ साहेबांना पुन्हा घेऊन आला. सौदा जवळपास ठरला होता. ताई आणि नर्सबाई तिथून हलल्या नव्हत्या.

"साहेब, घ्यायच्या आधी यांचं ऐका," ताई म्हणाली.

"ताई, घरचं घरात ठेव!" भाऊ दात आवळून म्हणाला.

"त्या आजी आपल्या घरच्या नव्हत्या."

नर्सबाईंनी सगळं सांगितलं, स्वतःची चूक न लपवता. भावाने मध्ये दोनदा "वापरणाऱ्यांचा दोष" असं म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्याने माझ्यावर अशी मूठ हाणली की कप उलटले आणि गरम कॉफी कापडातून माझ्या लाकडात शिरली. मग त्याने माझ्या खांबाला लाथ घातली. एक पाय वाकला, तो कायमचा.

साहेबांनी बाहीवरचे थेंब पुसले. "मला हे घ्यायचं नाही," ते भावाला म्हणाले. ताईने तोंड उघडलं, तसं तिलाही म्हणाले, "आणि तुमचंही नको. भांडणाऱ्या घराशी मी व्यवहार करत नाही." एवढं बोलून ते गेले.

"झालं समाधान?" भावाने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "यांच्या वॉर्डातलं सॉफ्टवेअर आधी बदल."

"तूच बदल जा, फुकट!" तो ओरडला आणि तरातरा निघून गेला. सगळ्या टेबलांवरची बोलणी थांबली, मग जास्तच मोठ्याने सुरू झाली.

नर्सबाईंनी तो रुमाल घडी करून ताईच्या हातात दिला. "सोमवारी या. डॉक्टरांशी मी बोलते."

पुढचं मला कळलं ते योगायोगाने. नर्सबाईंच्याच रुग्णालयात कसलंसं प्रशिक्षण होतं, तिथे मालकाने लंगडा म्हणून मलाच पाठवलं आणि परत न्यायला आलाच नाही. तेव्हापासून मी वॉर्डाबाहेरच्या बोळात उभा आहे. कॉफीने माझी चकती फुगली आहे, वाकड्या पायाखाली पुठ्ठा आहे, डोक्यावर हातमोज्यांचं खोकं.

ताई इथे दोन महिने सॉफ्टवेअर बदलायला येत होती. एका संध्याकाळी भाऊही आला. हातात हार नाही, तोंडात माफी नाही. दाराशी उभा राहून म्हणाला, "जमलं का?"

तेवढ्यात आत इशारा वाजला. त्या अख्ख्या पाळीतला पहिलाच. नर्सबाई उठून पळाल्या, डॉक्टर पळाले. ताई त्यांना वाट करून द्यायला दाराकडे धावली.

"बाजूला हो," ती भावाला म्हणाली. "वाट अडवू नकोस."

तो बाजूला झाला. आतला माणूस वाचला. बहीणभाऊ एकमेकांशी त्या दिवशी आणखी काही बोलले नाहीत, त्यानंतरही बोलल्याचं माझ्या कानावर नाही.

तुम्हीही आता निघा. माझ्यावर कोपर टेकू नका, कप ठेवू नका, ओळखीपाळखी काढत उभे राहू नका. पलीकडे माणसं श्वास घेताहेत, आणि ते ऐकायला एक नर्स बसलेली आहे. तिला ऐकू द्या.